फाटक्या स्वराचा धनी : जिमी हेंड्रिक्स

आवाज फाटला म्हणजे गवयाचें दैव फाटलें, असें आपण समजतों. तंबोरा लावतांना तार किंचित् उतरली तरी जाणत्याच्या कपाळास आठी पडते. पेटीचा एखादा स्वर घरघरूं लागला कीं ती पेटी दुरुस्तीस जाते. स्वर स्वच्छ असावा हा संगीताचा पहिला पाठ आहे, आणि तो खोटा आहे असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. पण विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत अमेरिकेंत एक असा वादक होऊन गेला कीं, ज्यानें फाटलेला, घरघरणारा, करवतीसारखा स्वर हातीं धरला आणि त्यास रडावयास, हंसावयास, किंबहुना युद्धाचें चित्र काढावयासहि शिकविलें. त्याचें नांव जिमी हेंड्रिक्स. त्याला जाऊन अर्धशतकाहून अधिक काळ लोटला. तरी ज्या मुलाच्या हातीं विजेची गिटार येते, त्याच्या तोंडीं हें नांव आज ना उद्यां आल्यावांचून राहत नाहीं.

शाळेच्या वार्षिकांत ह्या माणसाचें चरित्र कां द्यावें, असें कांहीं पालक विचारतील. त्याचें शिक्षण अर्धवट राहिलें, तो दोनदां पोलिसांच्या हातीं सांपडला, आणि त्याचा शेवट असा झाला कीं, तसा तो आपल्या मुलाचा व्हावा ही कल्पनाहि कोणत्या आईबापास सोसणार नाहीं. ह्यांतील कांहींच आम्ही लपविणार नाहीं. परंतु तळहाताहून थोड्या मोठ्या अशा एका डबींतला दोष ओळखून, त्यांतून आपणांस हवा तोच स्वर निवडून घेण्यासाठीं त्यानें जो ध्यास घेतला, तो मुलांनीं अवश्य पाहण्यासारखा आहे. म्हणून ह्या लेखांत त्याच्या कीर्तीपेक्षां त्या डबीकडेच आम्ही अधिक लक्ष देणार आहोंत.

जिमीचा जन्म २७ नोव्हेंबर १९४२ रोजीं अमेरिकेच्या वायव्य कोंपऱ्यांतील सिॲटल शहरीं, एका गरीब कृष्णवर्णी कुटुंबांत झाला. आई ल्यूसिल अवघी सतरा वर्षांची. बाप ॲल त्या वेळीं सैन्यांत असल्यामुळें मुलाचें तोंड त्यास जवळजवळ तीन वर्षें दिसलें नाहीं. आईनें ठेवलेलें नांव जॉनी ॲलन. बापानें परत आल्यावर १९४६ सालीं तें बदलून जेम्स मार्शल असें केलें. नांवच जेथें स्थिर नाहीं तेथें घर कोठून स्थिर असणार! दारिद्र्य आणि मद्य ह्या दोन पाहुण्यांनीं त्या घरांत कायमचा मुक्काम ठोकला होता. आईबापांची १९५१ सालीं फारकत झाली, धाकटीं भावंडें एकामागून एक परक्यांच्या स्वाधीन झालीं, आणि १९५८ सालीं आईहि वारली. तिच्या अंत्यविधीस बापानें मुलांना नेलें नाहीं, असें त्याच्या चरित्रकारांनीं लिहून ठेविलें आहे.

ह्या मुलाला शाळेंत एक चाळा जडला होता. केरसुणी हातांत धरावी आणि तिच्या काड्या गिटारच्या तारांप्रमाणें छेडीत बसावें. शाळेंतील एका कनवाळू बाईंनीं, गरीब मुलांसाठीं ठेवलेल्या पैशांतून त्यास गिटार घेऊन द्यावी म्हणून खटपट केली. ती निष्फळ झाली. पुढें १९५७ सालीं बापाबरोबर एका वृद्ध स्त्रीच्या घरची अडगळ काढतांना त्यास केरांत एक युकुलेली सांपडली. युकुलेली म्हणजे गिटारची लहानशी बहीण. तिला चार तारा असतात, हिला एकच उरली होती. त्या एका तारेवर तो ऐकलेल्या चाली एकेक स्वरानें काढूं लागला. आपल्याकडील वारकऱ्याची एकतारी आठवावी. तिच्यावर फक्त एकच स्वर धरावयाचा असतो, ह्या पोरानें मात्र एका तारेंतून सारें गाणें शोधिलें. पुढच्या वर्षीं पांच डॉलरांना एक जुनी गिटार मिळाली, आणि तेव्हांपासून ती त्याच्या अंगास जी चिकटली ती शेवटपर्यंत.

तो डावखुरा होता. बाजारांतील गिटारी उजव्या हाताच्या लोकांसाठीं बनविलेल्या. डावखुऱ्यांच्या गिटारी विरळा व महाग. बापालाहि मुलानें डाव्या हातानें वाजविलेलें रुचत नसे. जिमीनें सरळ उपाय काढला : गिटार उलटी धरावयाची व तारा सोडवून पुन्हां उलट क्रमानें चढवावयाच्या. पुढें जगप्रसिद्ध झाल्यावरहि त्यानें बहुधा हीच पद्धति ठेविली. ह्या उलटेपणाचा एक परिणाम असा कीं, आवाज कमीजास्त करण्याच्या ज्या खुंट्या इतरांच्या गिटारीवर खालच्या अंगास असतात, त्या त्याच्या गिटारीवर वरच्या बाजूस, हाताशीं आल्या. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

बापानें १९५९ सालीं त्यास विजेवर चालणारी पहिली गिटार घेऊन दिली. ती एका रात्रीं नाचघरांत विसरली ती चोरीस गेली. मग दुसरी आली. यहुदी लोकांच्या एका मंदिराच्या तळघरांत तो प्रथम एका वाद्यमेळांत वाजवावयास बसला, आणि फार नखरे करतो म्हणून त्याच रात्रीं, कार्यक्रम अर्धा झाला नाहीं तोंच, त्याला काढून टाकण्यांत आलें! शाळाहि अर्ध्यावरच सुटली. १९६१ सालीं चोरलेल्या मोटारींत बसून फिरतांना तो दोनदां पकडला गेला, आणि तुरुंग किंवा सैन्य ह्यांतून एक निवड असा पेंच पडला. तो सैन्यांत शिरला. केंटकी प्रांतांतील फोर्ट कॅम्बेल येथें छत्रीधारी पलटणींत त्याची नेमणूक झाली. तेथून त्यानें बापाला पत्र लिहून प्रथम काय मागविलें असेल? गिटार. बिली कॉक्स नांवाचा एक शिपाई छावणींतून जात असतां खिडकींतून येणारें तें वादन ऐकून थबकला व आंत गेला; ती मैत्री जन्माची ठरली. कवाईत व जिमी ह्यांचें मात्र जमलें नाहीं. १९६२ सालीं पलटणीनें त्यास मुक्त केलें, आणि तो बिलीबरोबर शेजारच्या टेनेसी प्रांतांत, नॅशव्हिल शहरीं पोट भरावयास गेला.

ह्या नॅशव्हिल शहरींच आमच्या डबीची जन्मकथा घडली होती. मार्टी रॉबिन्स नांवाच्या गायकाचें एक गीत तेथें मुद्रित होत असतां, ग्रेडी मार्टिन हा खर्जाची गिटार वाजवीत होता. त्याचा आवाज ज्या यंत्राच्या वाटेनें जात होता त्या यंत्रांत कांहीं बिघाड झाला, आणि गिटारच्या स्वराऐवजीं गांधीलमाश्यांचें मोहोळ उठल्यासारखा आवाज ऐकूं येऊं लागला. तो भाग कापून टाकावा कीं ठेवावा, असा विचार झाला व अखेर तो ठेविला. गीत १९६१ सालीं प्रसिद्ध झालें आणि लोकांना तोच बिघाड आवडला! यंत्र पुरतें निकामी झाल्यावर तसा आवाज पुन्हां कोठून आणावयाचा? तेव्हां ग्लेन स्नॉडी नांवाच्या ध्वनियंत्रज्ञानें जर्मेनियमचे तीन ट्रॅन्झिस्टर एका डबींत बसवून तो बिघाड मुद्दाम उत्पन्न करण्याची युक्ति काढली. गिब्सन कंपनीनें १९६२ सालीं ती डबी मॅस्ट्रो फझटोन ह्या नांवानें विकावयास आणिली. 'फझ' म्हणजे कापडावरची लव किंवा बुरा. स्वराला फुटलेला तो बुरा म्हणून हें नांव. तीन वर्षें तिच्याकडे फारसें कोणी पाहिलें नाहीं. १९६५ सालीं रोलिंग स्टोन्स ह्या इंग्रज मंडळीच्या एका गाण्यांत ती वाजली मात्र, आणि दुकानांतून डब्या दिसेनाशा झाल्या.

ह्या वर्षांत जिमी काय करीत होता? दुसऱ्यांच्या मागें उभा राहून वाजवीत होता. दक्षिणेकडील कृष्णवर्णी लोकांच्या नाचघरांतून तो गांवोगांव भटकला; आइस्ली बंधूंच्या व लिटल रिचर्डच्या मेळांतून चाकरी केली. उशिरा येतो, पोशाख भडक करतो, मालकापेक्षां स्वतःकडेच लोकांचें लक्ष ओढतो, ह्या तक्रारी सर्वत्र सारख्याच. १९६४ सालीं न्यूयॉर्कच्या अपोलो नाट्यगृहांत हौशी कलावंतांच्या स्पर्धेंत त्यास पहिलें बक्षीस मिळालें, तरी पोटाची विवंचना सुटली नाहीं. आक्टोबर १९६५ मध्यें त्यानें एका व्यवस्थापकाच्या करारावर सही करून दिली. मोबदला रोख एक डॉलर, व पुढें विक्रीवर शेंकडा एक! कागद नीट न वाचतां केलेल्या ह्या एका सहीपायीं त्यास पुढें कोर्टकचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या, व तडजोडीखातर एका संबंध ध्वनिमुद्रिकेवर पाणी सोडावें लागलें. आमच्या वाचकांपैकीं जे पुढें व्यापारधंद्यांत पडणार आहेत त्यांनीं हें कलम पुन्हां एकदां वाचावें.

सन १९६६ मध्यें न्यूयॉर्कच्या एका लहानशा उपाहारगृहांत तो वाजवीत असतां चास चँडलर नांवाच्या इंग्रज वादकानें त्यास ऐकिलें. चँडलर वादन सोडून व्यवस्थापक होऊं पाहत होता. तो त्यास २४ सप्टेंबर रोजीं लंडनला घेऊन आला. आठवड्याच्या आंतच त्या काळचा अग्रगण्य वादक एरिक क्लॅप्टन ह्याच्या मेळाबरोबर जिमीनें व्यासपीठावर वाजविलें, आणि लंडनच्या साऱ्या गिटारवाल्यांची झोंप उडाली. नोएल रेडिंग व मिच मिचेल हे दोन इंग्रज तरुण जोडीस घेऊन त्यानें स्वतःचा तिघांचा मेळ उभारला.

लंडनमध्यें त्या वेळीं ह्या फझ डब्यांचें पेंव फुटलें होतें. गॅरी हर्स्ट ह्यानें १९६५ सालीं टोन बेंडर नांवाची तीन ट्रॅन्झिस्टरांची डबी काढली होती, व तिच्या सुधारलेल्या आवृत्त्या मागोमाग निघत होत्या. १९६६ मध्यें आयव्हर आर्बिटर ह्यानें फझ फेस बाजारांत आणिली. ध्वनिग्राहकाच्या खांबाला खालीं जें वाटोळें जड लोखंड असतें तें पाहून त्यानें डबीचा आकार ठरविला म्हणतात. वर दोन खुंट्या म्हणजे दोन डोळे, खालीं नांवाची पट्टी म्हणजे तोंड. म्हणून तिला 'चेहरा' म्हटलें. आंत दोनच ट्रॅन्झिस्टर व मूठभर किरकोळ माल. ही डबी जिमीच्या पायाखालीं आली आणि तेथेंच राहिली.

आतां तिच्या पोटांत काय घडतें तें पाहूं. गिटारची पोलादी तार कंप पावली म्हणजे तिच्याखालील चुंबकाच्या वेटोळ्यांत विजेची एक क्षीण लाट उठते. ट्रॅन्झिस्टर ती लाट वाढवितो. परंतु डबीला शक्ति नऊ व्होल्टांच्या लहानशा बॅटरीची; त्यापलीकडे लाटेनें वाढावें तरी कोठें? ती वाढूं पाहते आणि तिचे माथे छाटले जातात. महाबळेश्वराकडील डोंगरांची निमुळती शिखरें नजरेपुढें आणावीं, व मग पांचगणीचें टेबललँड आठवावें : गोलाईदार लाट जाऊन सपाट माथ्याची लाट उरते. अशा छाटलेल्या लाटेंत मूळ स्वराबरोबर त्याचे वरचे उपस्वर गर्दी करून येतात, व त्या गर्दीलाच आपला कान घरघर म्हणतो. आपल्याकडे ही गोष्ट अगदींच नवी नाहीं. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखालीं रेशमाचा किंवा सुताचा धागा सरकवून जवारी लावतात ती कशासाठीं? तार घोडीस निसटती लागावी व मूळ स्वराभोंवतीं उपस्वरांचें गुंजन उठावें म्हणूनच. मिरजेच्या कारागिराची कानस ह्या जवारीसाठींच तर केसाकेसानें चालते. रीति निराळी व फलहि निराळें, पण निखळ स्वरापेक्षां कांहीं अधिक कानास हवें असतें, एवढी गोष्ट दोहोंकडे सारखीच.

जर्मेनियम हा पदार्थ मोठा लहरी आहे. रशियन रसायनशास्त्रज्ञ मेंडेलीव्ह ह्यानें तो सांपडण्यापूर्वींच १८७१ सालीं त्याचें भाकीत केलें होतें. १८८६ सालीं जर्मनींत विंक्लर ह्यास तो सांपडला व त्यानें आपल्या देशाचें नांव त्यास दिलें. अमेरिकेंत बेल प्रयोगशाळेंत १९४७ च्या डिसेंबरांत जो पहिला ट्रॅन्झिस्टर तयार झाला तो ह्याच पदार्थाचा. आमचा जिमी तेव्हां पांच वर्षांचा होता. ह्या पदार्थाची पहिली खोड अशी कीं, एकाच कारखान्यांतून, एकाच छापाचे निघालेले दोन ट्रॅन्झिस्टर एकसारखे निघत नाहींत. एक लाटेला साठपट वाढवील, तर शेजारचा दीडशेंपट. दुसरी खोड त्याहून वाईट. वीज बंद असावी तेव्हांहि ह्यांतून थोडी झिरपत राहते, व हा झिरपा उष्णतेबरोबर वाढत जातो. दर दहा अंश सेंटिग्रेडला सुमारें दुप्पट. म्हणून दुपारीं थंड खोलींत मधासारखी वाजणारी डबी रात्रीं दिव्यांच्या झोतांत रंगमंचावर ठेविली कीं कण्हूं लागते, अडखळूं लागते. विकत घेणाऱ्यानें काय करावें? पुष्कळ डब्या वाजवून पाहाव्या व त्यांतली एखादी निवडावी, एवढेंच. जिमी तेंच करी. पुष्कळांतली एखादी पसंत पडावी व बाकीच्या बाजूस राहाव्या, असा त्याचा खाक्या होता म्हणतात.

पण ह्या लहरी पदार्थाला एक मोठा गुणहि आहे, आणि येथेंच त्या खुंट्यांचें काम पडतें. फझ फेस चालू ठेवून गिटारवरील आवाजाची खुंटी किंचित् मागें फिरविली, कीं तो फाटका स्वर हळुहळू निवळतो व घंटेसारखा स्वच्छ होतो. पुन्हां पुढें फिरविली कीं गर्जना. पायाची कळ न दाबतां, डबी न बदलतां, जिमी एकाच गाण्यांत चार निरनिराळे आवाज काढी तो ह्या मार्गानें. आज आपण ज्याला निरनिराळ्या डब्यांमधील अदलाबदल म्हणूं, ती त्याच्या बोटांतच होती. उलटी धरलेली गिटार त्याच्या कामीं आली ती अशी.

सन १९६७ च्या आरंभीं त्यास रॉजर मेयर भेटला. हा तरुण ब्रिटिश आरमार खात्यांत ध्वनिविषयक संशोधन करीत असे, व फावल्या वेळीं वादक मित्रांसाठीं डब्या बनवी. त्यानें जिमीला एक नवी डबी दाखविली. तिच्यांत लाटेचा खालचा अर्धा भाग उलटवून वर आणण्याची योजना होती. त्यामुळें कंपनें दुप्पट होऊन स्वर एका सप्तकानें उंच ऐकूं येई. ऑक्टेव्हिया नांवाची ही डबी जिमीनें लागलीच फेब्रुवारींत 'पर्पल हेझ' ह्या गीताच्या मुद्रणांत वापरली. तें गीत मार्चमध्यें प्रसिद्ध झालें. त्याची ध्वनिफीत अमेरिकेस पाठवितांना, ही घरघर मुद्दाम केलेली आहे, कृपा करून दुरुस्त करूं नये, अशी सूचना बरोबर जोडावी लागली, असें सांगतात! पुढें मेयर आरमाराची नोकरी सोडून ह्याच धंद्यांत पडला व १९६८ सालीं जिमीबरोबर दौऱ्यावरहि गेला. ट्रॅन्झिस्टर मोजून निवडावेत, जोड्या लावाव्या, रात्रीच्या कार्यक्रमापूर्वीं डबी खोलून पुन्हां जुळवावी, हें त्याचें काम. भीमाकांठचा भोपळा टिचकी मारून पारखणारा आपला तंबोरेवालाच जणुं, फक्त हत्यारें निराळीं. जर्मेनियमच्या उष्णतेच्या लहरींना सारेच कंटाळले होते. १९६८-६९ च्या सुमारास सिलिकॉनचे ट्रॅन्झिस्टर घातलेल्या फझ फेस आल्या व जिमीहि त्यांकडे वळला. त्या उन्हास दाद देत नसत, आवाज अधिक तिखट देत. मात्र ती निवळण्याची गोडी त्यांत कमी.

कीर्तीचीं पुढलीं वर्षें सर्वश्रुत आहेत, तीं आम्ही थोडक्यांतच सांगतों. जून १९६७ मध्यें कॅलिफोर्नियांतील माँटेरे येथें त्यानें वादनाच्या शेवटीं गिटारीस आग लाविली. हा प्रकार आम्हांस आवडत नाहीं. ज्या वाद्यासाठीं केरसुणी छेडली त्याची ही दशा करणें शोभलें नाहीं. त्याच्या तीन प्रमुख ध्वनिमुद्रिका १९६७ व १९६८ ह्या दोन वर्षांतच निघाल्या, आणि तिसरी अमेरिकेंत खपाच्या यादींत पहिल्या क्रमांकावर चढली. लंडनमध्यें ब्रूक स्ट्रीटवर तो राहावयास गेला तेव्हां त्यास कळलें कीं, अठराव्या शतकांत शेजारच्याच घरांत हँडेल हा थोर संगीतकार राहत होता. त्यानें जाऊन हँडेलच्या ध्वनिमुद्रिका विकत आणल्या. गिटार जाळणाऱ्या जिमीपेक्षां हा जिमी आम्हांस अधिक भावतो.

त्याच्या फाटक्या स्वराची खरी कसोटी १८ ऑगस्ट १९६९ रोजीं लागली. न्यूयॉर्क प्रांतांतील वुडस्टॉकच्या प्रचंड संगीतमेळ्याचा तो शेवट होता. पावसानें सारें वेळापत्रक कोलमडलें होतें. रविवारीं रात्रीं व्हावयाचें त्याचें वादन सोमवारीं सकाळीं सुरू झालें. लाखों लोकांपैकीं बहुतेक घरीं गेले होते, आणि चिखलानें भरलेल्या त्या माळावर थोडके हजार उरले होते. व्हिएतनाममध्यें त्या वेळीं अमेरिकेचें युद्ध चालू होतें. जिमी स्वतः एके काळीं छत्रीधारी शिपाई. त्याच्याबरोबर व्यासपीठावर त्याचा पलटणींतील मित्र बिली कॉक्स उभा. अशा वेळीं त्यानें आपल्या देशाचें राष्ट्रगीत एकट्या गिटारीवर, शब्दांवांचून वाजविलें. गीतांत जेथें अग्निबाणांचा व बाँबगोळ्यांचा उल्लेख येतो तेथें पोंचल्यावर त्याच्या गिटारींतून विमानांचे सूर उठले, स्फोट झाले, माणसांच्या किंकाळ्या ऐकूं आल्या. मध्येंच मृत शिपायासाठीं वाजविण्याच्या बिगुलाची धून येऊन गेली, आणि मग राष्ट्रगीताची चाल पुन्हां त्या धुरांतून वर आली. कोणी म्हणाले हा देशाचा अपमान, कोणी म्हणाले हीच खरी देशभक्ति. आमचें मत विचाराल तर स्वच्छ गोड स्वरांत हें सांगतां आलें नसतें. जखमेचें चित्र काढावयास जखमी आवाजच लागतो, आणि तो त्यानें वर्षानुवर्षें डब्या पारखून तयार ठेविला होता.

पण डबीची खुंटी केव्हां मागें फिरवावी हें ज्यास अचूक कळे, त्यास आयुष्याची खुंटी मागें फिरवितां आली नाहीं. एका पाठोपाठ दौरे, रात्रींची जागरणें, कोर्टाचे खटले, आणि ह्या सर्वांवर मद्याचा व मादक द्रव्यांचा उतारा. मे १९६९ मध्यें टोरांटो येथें त्याच्या सामानांत मादक पदार्थ सांपडल्यावरून त्यास अटक झाली. डिसेंबरांत कोर्टानें त्यास निर्दोष सोडलें. ह्या इशाऱ्यानें तो सावरता तर किती बरें झालें असतें! न्यूयॉर्कमध्यें त्यानें मोठा खर्च करून स्वतःचें ध्वनिमुद्रणगृह बांधविलें. बाहेर उभें राहून घड्याळाकडे पाहणारा मालक नसेल, हवा तितका वेळ स्वर शोधतां येईल, अशी ती जागा. २६ ऑगस्ट १९७० रोजीं तिचें उद्घाटन झालें व जिमी लागलीच कार्यक्रमासाठीं युरोपांत गेला. तो परत आला नाहीं. १८ सप्टेंबर १९७० रोजीं लंडनमध्यें झोंपेच्या गोळ्या प्रमाणाबाहेर घेतल्यामुळें, गुंगींतच वांति श्वासांत अडकून त्याचा अंत झाला. वय सत्तावीस. विद्यार्थ्यांनो, त्या गोळ्यांत काव्य नव्हतें व त्या मरणांत वैभव नव्हतें. हॉटेलांतली एक खोली होती, इतकेंच.

सिॲटलजवळ रेंटन येथें त्यास पुरलें. बाप ॲल, ज्यास डाव्या हाताचें वादन रुचत नसे, त्यानेंच पुढें मुलाच्या संगीताचे हक्क परत मिळविण्यासाठीं कोर्टांत भांडण मांडलें व १९९५ सालीं ते मिळविले. २००२ सालीं तोहि गेला. लंडनमध्यें ब्रूक स्ट्रीटवरील त्याच्या घरावर १९९७ सालीं निळी स्मृतिपट्टिका लागली. शेजारच्या भिंतीवर हँडेलची पट्टिका आहे, आणि दोन्हीं घरें आतां मिळून एकच संग्रहालय झालें आहे. न्यूयॉर्कमधील ध्वनिमुद्रणगृहहि चालू आहे.

आणि त्या डब्या? जर्मेनियमचे ते जुने ट्रॅन्झिस्टर आतां क्वचितच कोणी बनवितो; जुन्या गुदामांत पडलेला साठा हुडकून कारागीर ते विकत घेतात. अलीकडे एकाच डबींत दोन-तीन जुन्या रचना बसवून, कळ फिरवितांच एकींतून दुसरींत जातां यावें अशी सोय करण्याची हौस निघाली आहे. हें दिसतें तितकें अवघड नाहीं व वाटतें तितकें सोपेंहि नाहीं. अवघड नाहीं अशासाठीं कीं, ह्या रचना सख्ख्या बहिणी आहेत : टोन बेंडरच्या एका आवृत्तींत फझ फेसचेच दोन ट्रॅन्झिस्टर असून त्यांच्यापुढें आणखी एक जोडलेला असतो, म्हणून कळीनें तो एक वाटेंत घेतला किंवा वगळला कीं घर बदललें. सोपें नाहीं तें अशासाठीं कीं, प्रत्येक बहिणीची भूक निराळी. एकीस मध्यम शक्तीचा ट्रॅन्झिस्टर मानवतो, दुसरीस तोच फार पडतो. शेवटच्या ट्रॅन्झिस्टरावर बॅटरीच्या साधारण निम्मा दाब राहावा लागतो, तो कळ फिरवितांच ढळतो. आणि उन्हाळा आला कीं तिघींचाहि रंग पालटतो. म्हणून चांगले कारागीर डबीस एक बारीक स्क्रू ठेवतात. हवा तापली कीं तो किंचित् फिरवून दाब पुन्हां जागेवर आणावयाचा. ट्रॅन्झिस्टर ते प्रथम यंत्रानें मोजतात, चिठ्ठ्या लावून कप्प्यांत ठेवतात, जोड्या लावतात, आणि मग गिटार घेऊन एकेक जोडी वाजवीत बसतात; मोजमापांत उत्तम ठरलेल्या पुष्कळशा जोड्या ह्या वेळीं परत कप्प्यांत जातात.